शिंकबंदीच्या अलीकडे

लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हा विनोद त्याच्या घरी येणाऱ्या प्रत्येकानं जिना चढता चढता निदान एकदा तरी केला होता, आणि तोही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तिसरा मजला पायी गाठायचा, यात त्याला काही वावगं वाटत नसे. पाय शाबूत राहतात, असं तो म्हणे. पाय शाबूत ठेवायला त्याच्याकडे कारणही तसंच होतं. दर उन्हाळ्यात वरच्या खिंडीतलं बर्फ वितळलं, की तो आणि त्याची बायको पाठीवर पिशव्या टाकून डोंगरात पळत.

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दोघांची ओळख डोंगरातली, एकाच दोराच्या दोन टोकांना बांधल्यावर झालेली. लग्न त्यानंतरचं. त्यामुळे त्यांच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. पाय घसरत असताना ‘अहो, जरा दोर धरता का’ म्हणत बसणारं माणूस खाली जाऊनच वाक्य पुरं करील, असं ती हसत सांगायची. ती बारीक, नजरेची तिखट. तो आडवा आणि बोलका. ती पुढे राहून पाय ठेवायच्या जागा शोधायची आणि तो मागून गप्पा मारत यायचा. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं.

त्यांना चढायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वाटाड्यानं एक नियम घालून दिला होता. दोघांपैकी कुणीही, कुठेही, ‘आज नको’ म्हटलं, की दोघांनी मागे फिरायचं. का, ते विचारायचं नाही. वाटेत नाही, घरी आल्यावर नाही, पुढे कधी भांडण झालं तर त्यातसुद्धा नाही. म्हातारा म्हणायचा, कारण द्यावं लागणार असं कळलं की माणूस आधी कारण शोधत बसतो, आणि समोरच्याला पटेल असं सापडलं नाही की मुकाट्यानं पुढे जातो. असे मुकाट्यानं पुढे गेलेले बरेच जण त्याला माहीत होते. लिफ्टवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं हा नियम लग्नातल्या शपथांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला होता.

पाळणं तसं अवघडही गेलं नव्हतं, कारण आजवर जेव्हा जेव्हा कुणी ‘आज नको’ म्हटलं, तेव्हा कारण डोळ्यांसमोरच उभं असायचं. एकदा ढग काळेकुट्ट झाले होते. एकदा तिच्या बुटाचा तळ सुटून जीभ काढल्यासारखा लोंबत होता. विचारायचं काय त्यात?

गेल्या उन्हाळ्यात मात्र आकाश निळंशार होतं, बूट नवे होते, दोघांची पोटं भरलेली होती, आणि ती म्हणाली, “आज नको.”

ते मोठ्या फेऱ्यावर होते. मोठा फेरा म्हणजे धरणाच्या भिंतीपासून निघून, देवदारांतून वर, मग घसरत्या दगडगोट्यांतून खिंडीपर्यंत, तिथून कड्याच्या अंगानं डोंगराच्या माथ्यावर, आणि पलीकडून तळ्याच्या काठानं पुन्हा धरणाशी. वाटेवरच्या जागांना चढणाऱ्यांनी आपापली नावं ठेवलेली. खिंडीनंतर रुंद सपाटी येते, ती गच्ची. त्यानंतर खडकात लोखंडी तार ठोकलेला एक सोपा टप्पा येतो. खाली फार तर दोन माणसांइतकी खोली, म्हणून ती तालीम. आणि मग शिंकबंदी. ती एक अरुंद धार, दोन्ही बाजूंना नुसती हवा. तिथे शिंक आली तरी गिळायची, म्हणून शिंकबंदी. एकदा ती ओलांडली की मागे येणं पुढे जाण्याहून अवघड, कारण परतताना ती उतरावी लागते आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. म्हणून फिरायचं असेल तर तिच्या अलीकडेच फिरायचं, हा मोठ्या फेऱ्याचा सगळ्यात मोठा धडा.

तारेवरची विद्याही साधीच होती. कमरेच्या पट्ट्याला दोन आखूड दोर, टोकाला एकेक हूक. दोन्ही हूक तारेत अडकवून चालायचं. तार जिथे खिळ्यानं खडकात ठोकलेली असते तिथे एक हूक काढून खिळ्याच्या पलीकडे लावायचा, तो लागला की मग दुसरा काढायचा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. शेंबड्या पोरालाही जमेल अशी गोष्ट.

तर तालमीच्या मधोमध ती थांबली होती, मागे वळली होती आणि ‘आज नको’ म्हणाली होती. त्यानं नियमाप्रमाणे मान डोलावली आणि दोघं परत फिरले. येताना तो नेहमीसारखा बडबडत आला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात जी पाल चुकचुकली, ती वर्ष उलटत आलं तरी थांबली नव्हती.

हिवाळाभर त्यानं तर्क केले. तिला काही दुखत असावं, असं आधी वाटलं. मग तो तिच्यावर पाळत ठेवू लागला. ती जिना चढायची तेव्हा तो दोन पायऱ्या मागे राहून तिचा श्वास ऐकायचा. एकदा ती कामावर असताना त्यानं औषधांचा खण उपसला. त्यात त्याच्याच रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, आणि मुदत संपलेले डोळ्यांत घालायचे थेंब. मग वाटलं, घाबरली असेल. हे त्याला पटेना. जिच्या भरवशावर तो आयुष्यभर कड्यांवर वावरला ती घाबरली, हे मानायला त्याचं मन तयार होईना. तिसरी शंका त्यानं मनातल्या मनातही धड उच्चारली नाही. कदाचित डोंगराला नाही, आपल्यालाच कंटाळली असेल. माणूस किती बोलतो, तेच तेच किती सांगतो, हे एखाद्या दिवशी एकदम अंगावर येत असेलही. त्या शंकेनं मात्र तो आतून पोखरून निघाला.

आणि विचारायची सोय नव्हती. नियम होता.

वसंत आला तशी तिनंच नकाशा काढला. दर वर्षी हे त्यांचं ठरलेलं काम. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, त्याची कडा वर उठू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर तिच्या दुकानातून आणलेल्या चष्म्याच्या रिकाम्या डब्या ठेवायच्या, आणि रोज संध्याकाळी चहाचे कप हातात घेऊन थोडं थोडं आखत जायचं. मुक्काम कुठे, पाणी कुठे भरायचं, ऊन कुठल्या वेळी कुठल्या अंगावर येतं. हेच दोघांचं खरं सुख होतं, प्रत्यक्ष चढणं त्यानंतरचं. या वर्षीही मोठा फेराच करायचा, असं ती म्हणाली. त्याला बरं वाटलं, आणि काळजीही.

मग तिला सोसवेल असा फेरा आखायला त्यानं सुरुवात केली, आणि तेही ताकास तूर न लागू देता. मुक्काम एक वाढवू या, म्हणाला. वय झालं आता आपलं, घाई कशाला? ती लगेच हो म्हणाली. गच्चीवर पोचायला उशीर झाला तर शिंकबंदी सोडून तिथूनच खाली उतरू, असं त्यानं सुचवलं. यालाही ती लगेच हो म्हणाली. जी बाई एकेका वळणावरून तासभर हुज्जत घालायची ती अशी पटापट कबूल होताना पाहून त्याला रडूच यायचं बाकी होतं. म्हणजे तिला खरंच झेपत नाही, अशी त्याची खात्री झाली.

तिच्याही काही नव्या मागण्या होत्या. एका संध्याकाळी तिनं दुकानातून उरलेल्या चिकटपट्ट्या आणल्या आणि त्याच्या दोन हुकांना गुंडाळल्या, एकाला लाल, एकाला निळी. बघायला बरं वाटतं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, या वर्षी तारेवर तू पुढे राहा, मी मागून येते.

“मी पुढे? मला पायाखालचं कुठे दिसतं?”

“दिसेल. मी सांगत राहीन.”

तिचे पाय लटपटले तर आपल्याला दिसू नयेत म्हणून ती मागे राहतेय, असा अर्थ त्यानं लावला. कधी नव्हे तो वाद न घालता बरं म्हणाला आणि स्वतःच्या समजूतदारपणावर मनातून खूश झाला. नवऱ्यांची ही जात अशीच. एकदा का समजूतदारपणा अंगात शिरला की समोरचं काही म्हणून दिसत नाही.

त्याच आठवड्यात कामावर एक गोष्ट घडली. लिफ्ट वर-खाली जाते त्या पोकळीत काम करताना तिच्या डब्याच्या छपरावर उतरावं लागतं. उतरण्याआधी छपरावरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे कुणी खालून-वरून कितीही बोलावलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. त्याच्या जोडीला कामाला असलेला मेकॅनिक त्याच्याच वयाचा, सगळं इतकं हळू करणारा की साऱ्या वर्कशॉपमध्ये त्याचं नाव सबुरी पडलं होतं. हा माणूस स्क्रू फिरवायचा तोही विचारपूर्वक. त्या दिवशी लिफ्टवाला छपरावर उतरून तारांना तेल देऊ लागला, आणि सबुरी वरून वाकला, हात लांबवून त्यानं लाल बटण दाबलं, आणि काहीच न झाल्यासारखा सरळ झाला.

“राहिलं वाटतं,” लिफ्टवाला म्हणाला.

सबुरीनं सावकाश हात पुसले. मग म्हणाला, “पुन्हा राहिलं.”

पुन्हा म्हणजे काय, असं त्यानं जरा तडकून विचारलं. सबुरी नजर चुकवत म्हणाला, राहतं कधी कधी. मी दाबतो. जेवणाच्या सुट्टीत दोघांनी तोंडं दोन दिशांना करून डबे खाल्ले. लिफ्टवाल्याला राग आला होता, आणि रागामागे काहीतरी थंडगार होतं, त्याच्याकडे त्यानं कानाडोळा केला. बायकोची काळजी डोक्यात असली की माणसाचं लक्ष लागत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. कारण इतकं सोयीचं होतं की त्यावर विश्वास बसायला वेळ लागला नाही.

रविवारी सकाळी त्यांची वार्षिक तालीम असायची. आता ही तालीम म्हणजे सगळ्या इमारतीची करमणूक. दोघं कमरेला पट्टे बांधून, डोक्यावर हेल्मेट घालून जिन्याच्या कठड्याला हूक अडकवत तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत. कठड्याला जिथे जिथे गज जोडलेला, तिथे खिळा समजायचा आणि हूक बदलायचे. एक आधी, मग दुसरा. पोरंटोरं मागून टाळ्या पिटत. तळमजल्यावरचे गृहस्थ दर वर्षी न चुकता विचारत, वर बर्फ पडलंय का हो? या वर्षी तो पुढे होता आणि ती मागे.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांच्या जावयाच्या इमारतीतली लिफ्ट म्हणे मध्येच अडकते आणि आतला दिवाही जातो, तर काय करावं? प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा. तो खुलला. दरवाज्याच्या पट्टीत कचरा अडकत असेल, म्हणाला. मग पट्टी कशी साफ करायची, कोणत्या लिफ्टला कोणतं तेल चालत नाही, पूर्वीच्या लोखंडी जाळीच्या लिफ्टा कशा बऱ्या होत्या, असं सगळं रंगवून सांगितलं. मावशी मान हलवत होत्या. बोलता बोलता तो चढत होता.

मावशींनी त्याच्या हाताकडे पाहून विचारलं, हे रंगीत काय हो? त्यानं खाली पाहिलं.

त्याच्या डाव्या हातात लाल पट्टीचा हूक होता. आणि निळ्या पट्टीचाही. दोन्ही त्याच्याच मुठीत होते. कठडा मोकळा होता. तो कधीचा मोकळा होता, ते त्याला आठवेना. मागचा गज आठवेना, त्यामागचा आठवेना. तळमजल्यावर हूक लावल्याचं तेवढं लख्ख आठवत होतं.

त्यानं मागे वळून बायकोकडे पाहिलं. ती चार पायऱ्या खाली उभी होती आणि त्याच्याकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती, रागावलेली नव्हती. मुख्य म्हणजे तिला नवल वाटलेलं नव्हतं. हे पाहिलं आणि त्याच्या पायांखालचा जिना सरकला.

गेल्या उन्हाळ्यात तालमीच्या तारेवर ती पुढे होती. तिनं मागे वळून पाहिलं होतं. तेव्हा तो काय करत होता? काहीतरी सांगत होता, हसत होता, पाण्याच्या बाटलीचं झाकण हरवल्याची गंमत बहुतेक. हात कुठे होते? हात त्याला आठवत नव्हते. पुढे शिंकबंदी होती.

वर्षभर तो तिचा श्वास मोजत बसला होता, आणि वर्षभर ती त्याचे हात बघत होती. लाल, निळं, तू पुढे, मी मागे, मुक्काम वाढवू या म्हटल्यावर लगेच हो, या सगळ्याचा हिशेब एका क्षणात लागला. आपण तिच्यासाठी सोपा करत होतो तोच फेरा ती आपल्यासाठी सोपा करत होती. आणि नियम तिलाही होता. तिनं म्हटलं ते का म्हटलं, हे तिला कुणी विचारू शकत नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची हिंमत तिला झाली नव्हती. कशी होणार? आयुष्यभर ज्याच्याबरोबर दोर बांधला त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं इतके दिवस हे एकटीनं वाहिलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. स्वतःची भीती त्यानंतर आली, आणि ती आली ती गेलीच नाही.

मावशींना त्यानं कसंबसं काहीतरी उत्तर दिलं. उरलेला जिना दोघं हूक न लावताच चढले.

संध्याकाळी चहा झाला. रोजच्यासारखा तिनं नकाशा पसरला, कोपऱ्यांवर डब्या ठेवल्या, पेन्सिल घेतली. काल आपण गच्चीपर्यंत आलो होतो, असं म्हणाली. आवाज नेहमीचाच ठेवायचा तिनं प्रयत्न केला. आता शिंकबंदीच्या अलीकडे सकाळी लवकर पोचायचं असेल तर खिंडीतून कधी निघायचं, एवढं ठरवू. पेन्सिलीचं टोक गच्चीवरून शिंकबंदीपर्यंत सरकलं.

लिफ्टवाल्यानं त्या टोकाकडे पाहिलं. नकाशावर तिथे एक बारीक काळी रेघ होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरा कागद.

“आज नको,” तो म्हणाला.

घरात हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते. टेबलापाशी बसून, हातात कप घेऊन तर नाहीच. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि काही विचारलं नाही.

वर्षभर त्याला विचारायचं होतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. आता तिनं विचारावं म्हणून त्याचा जीव कासावीस झाला. तिनं नुसतं ‘का रे?’ म्हटलं असतं तर त्यानं सगळं भडाभडा सांगितलं असतं, हातांचं, लाल बटणाचं, मागच्या महिन्यात वर्कशॉपची वाट चुकून रस्त्याच्या कडेला उभा राहिला होता त्याचं. पण ती त्याच्याइतकीच नियमाची पक्की. तिनं एकेक डबी उचलली, नकाशाची घडी घातली. घडी चुकली, म्हणून उघडून पुन्हा घातली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

मग तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, त्याच डाव्या हातावर.

“उद्या मी दुकानात येत नाही म्हणून सांगितलंय,” ती म्हणाली. “मागच्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. आपण दोघं जाऊन येऊ.”

कुठे जायचं ते त्यानं विचारलं नाही. कोणता डॉक्टर, हेही तिनं बघून ठेवलेलं असणार. पाणी कुठे भरायचं आणि ऊन कुठे लागेल हे आधी बघून ठेवणारी बाई ती.

तो उठला आणि सबुरीला फोन लावला. उद्या कामावर येत नाही, असं सांगितलं. सबुरी आता का म्हणून विचारणार, मग त्याला काय सांगायचं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

सबुरीनं का ते विचारलं नाही.

“वहिनी येतायत ना बरोबर?” एवढंच त्यानं विचारलं.

“हो,” लिफ्टवाला म्हणाला. त्याला रागवायचं होतं, पण ते राहून गेलं. त्यानं फोन ठेवला आणि दाराजवळ टांगलेले दोन्ही पट्टे खाली काढून ठेवले.